सुरुचीचा रिपोर्ट

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनया,

तू, सुरुची आणि तुझी आई तिकडे गासला, तुझ्या माहेरी, बऱ्या असाल. इकडे ठीक आहे. गॅस आला. सोसायटीने पाण्याची टाकी धुऊन घेतली. पत्र लिहितोय, कारण फोनवर मी भाषण करतो असं तूच म्हणतेस.

सुरुचीचा रिपोर्ट मंगळवारी आला. रेट सिंड्रोम. एका जनुकातला बदल. वर्ष-दीड वर्ष काही कळत नाही, मग शिकलेले शब्द जातात, हातांचा उपयोग जातो. ते सारखं हात चोळणंही त्यातलंच. आपल्याला वाटायचं, आजीचं बघून करते. वाडीत मोगरा ओवायला बसल्या की तुझ्या आई म्हणायच्या, "बग, नात माज्याआधी गजरा पुरा करते." मी म्हणायचो, "मग आता तुम्ही निवृत्त व्हा." चार महिने आपण हसलो.

डॉक्टर म्हणाले, कुणाचाच दोष नाही. तुझ्या नोकरीचा नाही, मोबाईलचा नाही.

एवढं लिहून चहा करून आलो. प्यायलो नाही.

त्या दिवशी मंडळाच्या व्याख्यानात, भरल्या सभागृहात मी म्हणालो होतो, "आई मोबाईलमध्ये आणि लेकरू मुकं, अशी घरं मी पाहिली आहेत." घर आपलंच होतं. टाळ्या पडल्या. तू तिसऱ्या रांगेत सुरुचीला मांडीवर घेऊन बसली होतीस. शेजारच्या फ्लॅटमधल्या जॉयसबाईंनी वळून तुझ्याकडे पाहिलं, ते मला व्यासपीठावरून दिसलं. तरी मी पुढे वीस मिनिटं बोललो. तू तिथूनच माहेरी गेलीस.

आणखी एक आहे. डॉक्टरांना मी विचारलं होतं, "आईकडून आलंय का?" ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, असा बदल बहुतेक वेळा बापाच्या बीजात होतो, आपोआप. त्यालाही दोष म्हणत नाहीत. हे गाळून पत्र संपवणार होतो. पाच दिवस झाले, मला रडू येत नाही, रागही येत नाही.

त्याच मंडळाने येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. तिथे उभं राहून सगळं सांगायचं ठरवलं होतं. मग लक्षात आलं, तेही भाषणच होईल आणि टाळ्या मलाच पडतील. नकार कळवला. जॉयसबाईंना मात्र जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता, सर? विनयाला सांगा ना."

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टरांनी सुरुचीला दाखवायला बोलावलंय, या आजारात झटके येऊ शकतात, त्याची तपासणी आहे. फाईल सोबत पाठवतोय. मी यावं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर वाद घालणार नाही.

सुरुचीचा बाप,
चंद्रहास