ऋतूचा तिकडचा मामा

१२ ऑक्टो., शेवगाव
लेकीचा, ऋतूचा व्हिडिओ कॉल. ताप गेलाय, पण गालफडं पार बसलीत. दवाखान्यात तिचा 'तिकडचा मामा' घेऊन गेला. म्हणजे घरमालक. ती डॉक्टरकी शिकतेय त्या जॉर्जियात वडलांना मामा म्हणतात, आईला देदा. त्याची पोरं मामा मामा करतात, आमच्या बाईनंही उचललं. आणि तिकडे बापसुद्धा लेकराला लाडानं उलट 'मामा'च म्हणतो. तापात हिच्या कपाळावर हात ठेवून तेच म्हणत होता.
देव त्याचं भलं करो. फोन ठेवला आणि खूप रडले. हिचे बाबा गेले. सख्खा मामा असून...

१७ ऑक्टो., वसुबारस
दादानं बेलापूरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही मागितली होती. बहिणींनी मुकाट्यानं द्यायची असते म्हणे. ऋतूचं शिक्षण समोर होतं, हे नुकतेच गेलेले. नाही दिली. तेव्हापासून माहेर बंद, भाऊबीज बंद. सहीचा पश्चात्ताप नाही. दादाची आठवण येते, एवढंच.
शेजारच्या ताराकाकू म्हणाल्या, "भाऊ येत न्हाई तर चंद्राला ववाळ. ताट कवर कोरडं ठिवनार?"
चंद्राला ओवाळतात भाऊ नसलेल्या. माझा चांगला धडधाकट आहे, टेम्पो चालवतो. असं तोंडावर सांगून आले. घरी आल्यावर वाटलं, काय चुकीचं बोलल्या त्या?

२२ ऑक्टो., पाडवा
ऋतू म्हणते, "आई, मामाला फोन कर ना."
"कुठल्या?" म्हटलं. दोघी पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर घर खायला उठलं. एकटीसाठी फराळ कशाला केला कोण जाणे.
दादाचा नंबर काढला. ठेवून दिला. मीच का?

२३ ऑक्टो., भाऊबीज
सकाळपासून दाराकडे कान. कोणी नाही.
तिन्हीसांजेला ताट केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकू. पश्चिमेला नखाएवढा चंद्र. ताराकाकू गच्चीवरून हाका मारतात. जिन्यापर्यंत गेले. एकदा ओवाळलं की दादा नाही, हे मीच ठरवलं असं होईल. तिथंच थांबले.
तेवढ्यात वहिनीचा फोन. दबक्या आवाजात. "ताई, ह्यांनी सकाळीच आंगूळ केली, नवा सदरा घातला. तवापासनं टेम्पोत बसल्यात. चालू बी करीत न्हाईत, उतरत बी न्हाईत. जेवले बी न्हाईत."
म्हटलं, त्याला दे.
"घ्या, ताई हायेत," असं ऐकू आलं. मग दादाचा श्वास तेवढा.  
चंद्र मावळला. निरांजनात तूप घातलं. दादानं फोन ठेवलेला नाही. मीही नाही. कानाशी धरूनच हे लिहितेय.