बोडीतल्या गोळ्याचं नाव

४ नोव्हेंबर, सकाळ
वडशाजवळच्या बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, आज इतिहास घडला. मासे धरणारी मंगलीबाई जाळं झटकत होती. त्यातून जेलीसारखा गोळा पडला, नारळाएवढा. ब्रायोझोआ! हजारो बारीक प्राणी चिकटून एक वसाहत करतात. आमच्या स्टाफरूमसारखी, फक्त इथे भांडणं नाहीत. जात नवीनच असणार. नाव ठरलं : श्रीहरीआय, माझ्याच नावावरून. पीएच.डी. चौदा वर्षं रखडली ती बहुधा याचसाठी.

५ नोव्हेंबर
मंगलीबाई म्हणाली, सर, हा त नेहमीचाच आहे. तिकडच्या बोडीत दगडाले भुरा भुरा चिकटून रायते, तो पाहा, तो येगळाच आहे. मी म्हटलं, बाई, हे तुमचं काम नाही. आमच्या विभागातली नवी रिना मॅडम मात्र तिच्यामागे चिखलात उतरली. बिचारी. अनुभव नाही.

८ नोव्हेंबर
नमुना घरी, बादलीत. रोज दोनदा निरीक्षण. संकल्प पक्का.

११ नोव्हेंबर
निरीक्षण राहिलं. परीक्षेची ड्यूटी. थोडा वास येतोय. जिवंत असल्याची खूण.

१२ नोव्हेंबर
रंजीतानं बादली नालीत ओतली. म्हणाली, सडलं होतं, चौदा वर्षं मी हेच पाहून राह्यली. बायकोला विज्ञानातलं कळत नाही. फोटो आहेत.

३ डिसेंबर
फोटो पाठवले होते त्या तज्ज्ञांचं उत्तर आलं. एक ओळ. जात नेहमीची, आधीच नोंदलेली. मत्सर इतक्या लांबूनही होतो तर!

१९ ऑगस्ट
रिना मॅडमचा पेपर आला. तिकडच्या बोडीतला भुरा. नवी जात. नाव मंगलीए. मी प्राचार्यांना सांगितलं, त्या दिवशी तिथे मीही होतो. ते म्हणाले, मग तुम्हाले काऊन नाई दिसला? सीनियर माणसाला असं विचारत नाहीत.

२ सप्टेंबर, दुपार
कॉलेजात दोघींचा सत्कार. सूत्रसंचालन माझ्याकडे, आवाज चांगला म्हणून. मंगलीबाईंचा परिचय मीच वाचला. शाल घेतल्यावर त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, या सरायनं मले पयले इचारलं, म्हणून मी सांगतलं. हॉलभर टाळ्या. प्राचार्यांनीही वाजवल्या.
मी काही विचारलं नव्हतं. गप्प केलं होतं.
माईक माझ्याच हातात होता. आभारप्रदर्शनासाठी पुढचं नाव पुकारलं.