मागं मागं जाणारी फॉरेनची गाडी

२२ एप्रिल १९७४, सोमवती अमुशा
गिरणीच्या साहेबाची जुनी फॉरेन गाडी दारात आली. क्लच न्हाय, गिअर आपोआप पडतो. हरिदास ड्रायव्हर अजून डाव्या पायानं क्लच हुडकतोय. लेकीची, विजूची वरात हिच्यातनंच निघणार. माळशिरसच्या व्याह्यांना सांगून टाकलंय.
थोरल्या जावेची, रंभाबाईची नजर लई वाईट. गाडीखाली शिरून एका दांडीला घोड्याची नाल आणि बिब्बा तारेनं बांधला. गुपचूप. दुसऱ्यानं बघितलं की गुण जातो.

२३ एप्रिल
गाडी पुढं जात न्हाय. मागं झोकात जाती. स्टेरिंगजवळचा दांडा मागं जायच्या आर वर अडतो, पुढं जायच्या डी वर येतच न्हाय. हरिदास म्हणतो, अक्का, खाली कायतरी अडकलंय. म्हटलं, तुझ्या डोक्यात अडकलंय. खाली बघू दिलं न्हाय.

२५ एप्रिल
पंचाक्षरी नावाचा गाडीमेस्त्री आला. काडी बुडवून तेल बघितलं. तेल बरोबर. मग हा पण खाली शिरायला निघाला. पाय धरून ओढला. म्हटलं, डॉक्टर आधीच पोट फाडतो का, वरनं बघ. तर म्हणतो, काकू, मग गाडीची नाडी कुटं ते दावा. हाकलला. मेस्त्री कसला, टवाळ.

२८ एप्रिल
रोग मलाच कळला. नजर. रंभाबाई दारावरनं जाताना म्हणाली, लेक सासरी चाललीय का माघारी येतीय. मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. ठसका आला न्हाय. हीच खूण. उद्या गाडी पळणार.

२ मे
पळाली न्हाय. विजू म्हणती, आई, टांगा सांग, माझं हसं करू नको. सांगितला न्हाय. ती रडली. मी काय गाडी टांग्यासाठी घेतली?

४ मे
वरात निघाली. मागं मागं. बँड डिकीपुढं. हरिदासची मान मोडायची राहिली. रंभाबाई हेडलाईटसमोर, तोंडाला पदर लावून. विजूचं तोंड जानवसघरापर्यंत आमच्या दाराकडंच. व्याही म्हणाले, पोरीचा आईवर लई जीव हाय, मान वळंना. विजू बोलली न्हाय. जाताना पण न्हाय.

६ मे
रंभाबाईच्या नजरेला एक नाल पुरंना. दुसरी बांधायला खाली शिरले. पहिली घसरून गिअरच्या दांडीच्या वाटेत आडवी बसलेली. नाल देणाऱ्याचीच चूक. हलकी दिली.
काढली. हरिदास म्हणाला, अक्का, मी पहिल्याच दिवशी म्हटलं हुतं... म्हटलं, गप गाडी हाण.
पुढं गेली. सरळ, लोण्यासारखी, पार चौकापर्यंत. हरिदासनं इचारलं, कुटं घेऊ.
मागचं शीट रिकामं. म्हटलं, घे मागं.