मेव्हण्याच्या हातची दोरी

१८ नोव्हेंबर १९८४, विजयदुर्ग

आलो एकदाचा! गगनबावड्याच्या घाटात एस.टी.नं आतडी पार ढवळून काढली, पण खाडी दिसली आणि सगळा शीण गेला. लग्नाला दोनच महिने झालेत आणि जावईबापू कायमचे सासुरवाडीला. कोल्हापूरचे काका बजावत होते, पाहुणा म्हणून जा, घरजावई होऊ नको. म्हणोत बापडे. त्यांच्या दुकानात पुड्या बांधण्यापेक्षा हे बरं. पंचगंगेत पुलावरून उड्या मारण्यापलीकडे मला येतंय तरी काय? यशोदाच्या थोरल्या भावानं, भिकाजीनं, नेमकं तेच पाहून मला पसंत केलं. मुलगी दाखवायच्या आधी त्यानं मला पाण्याखाली दम किती वेळ टिकतो ते विचारलं होतं. सगळे केवढे हसले होते.

खाडीच्या तोंडाबाहेर एक जुनी आगबोट बुडून पडली आहे. तिचं पितळ नि शिसं वर काढायचं. होडीवर कॉम्प्रेसर, त्याची रबरी नळी तोंडात आणि कमरेला दोरी. दोरीचं वरचं टोक मात्र मेव्हण्यानंच धरायचं, दुसऱ्या कुणी नाही, असा या घराचा दंडक. भिकाजी म्हणाला, "आपल्याच भैणीचा कुंकू कोण पुसतलो?" मला हे फार आवडलं. सख्खा भाऊ असता तर त्यानंही एवढी हमी दिली नसती.

घरात यशोदाची थोरली बहीण विमला आणि धाकटी लक्ष्मी आहेत. विमलाताईंचे यजमान मागच्या पडवीत पडून असतात, अंगावरून वारं गेलंय म्हणे. मी अजून त्यांना पाहिलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा उतरलो. कान फुटतात की काय असं झालं. भिकाजीनं शिकवल्याप्रमाणे नाक दाबून फुंकर मारली, टक् वाजलं आणि मोकळं झालं. पंधरा वाव खोल गेलो. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर. तिथं भांग चढावी तशी गंमत वाटायला लागली. एका माशाला मी नमस्कार केला. सगळं जग चांगलं वाटायला लागलं, काकासुद्धा.

मग भिकाजीनं विहिरीतल्या पोहऱ्यासारखं मला सरसर वर ओढलं. संध्याकाळी अंगाला विलक्षण खाज सुटली. यशोदानं खोबरेल चोळलं. बांगड्याचं तिखलं आणि भात खाऊन झोपलो, बायको चांगली मिळाली म्हणून देवाचे आभार मानले.

१ डिसेंबर

दिवसातून तीनतीनदा उतरतोय. उजवा खांदा आतून ठणकतो, हाडात कुणी गिरमिट फिरवावं तसा. भिकाजी म्हणतो, नव्या माणसाला होतंच, अंगवळणी पडेल. नवल हे की खाली उतरलो की ठणका पळून जातो आणि होडीवर आलो की पुन्हा हजर. आता मी सकाळची वाट बघतो. यशोदा म्हणते, गावात बोलू नका, लोक नावं ठेवतात.

९ डिसेंबर

चुलीपाशी निखारा पायाखाली आला. जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. यशोदानं आधी पाऊल बघितलं. माझ्याकडे नंतर बघितलंच नाही.

सगळे रामेश्वराच्या देवळात गेल्यावर पडवीत गेलो. कुणी म्हातारा असेल असं धरून चाललो होतो. विमलाताईंचा नवरा, शिवा, माझ्याच वयाचा आहे. आरोंद्याचा, खाडीत पोहणारा. त्याचीही दोरी भिकाजीच धरायचा.

त्यानं सांगितलं ते लिहितो. भिकाजी पूर्वी मुंबईच्या गोदीत होता. तिथं बुड्या मारणाऱ्याला थांबत थांबत वर घेतात, मध्ये पाण्यातच बराच वेळ लटकवून ठेवतात. भिकाजीला हे पक्कं ठाऊक आहे. पण त्यात वेळ जातो, माल कमी निघतो. शिवा म्हणाला, "सोड्याची बाटली एकदम उघडलंस तर काय होता? तसाच रगतात होता."

मी म्हटलं, पण बहिणीचं कुंकू? तो हसला. "माका तरी खंय मारल्यान? जगवल्यानच मा!"

१० डिसेंबर

यशोदाला विचारलं. तिला ठाऊक होतं. लग्नाआधीपासून ठाऊक होतं. रडली नाही की रागावली नाही. म्हणाली, "आमचो बापूस मुंबयक गेलो तो परत इलो नाय. तुमी आता खंय जातलास?"

याच हातांनी रोज तेल लावत होती. आणि मी देवाचे आभार मानत होतो! उद्याची पहिली एस.टी. — पाय बधिर, काठी घेऊन का होईना —

१२ डिसेंबर

स्टँडपर्यंत पोचलो नाही. वाटेत पाय गेले. चिखलातून भिकाजीनंच उचलून आणलं, लोकांसमोर डोळे पुसत.

ठणका इतका — मीच म्हणालो, खाली ने. हात जोडले त्याला.

खाली पाय हलले. बोटीच्या फळ्यांवर उभा राहिलो. चाललो. नळी तोंडात धरून रडलो.

मग दोरी ताणली. सरसर वर —

२० डिसेंबर

कंबरेखाली काही नाही. माझं अंथरूण शिवाशेजारी घातलंय. यशोदा कुंकू लावून जेवण आणते.

३ जानेवारी १९८५

लक्ष्मीला बघायला आलेत. मुलगा कराडचा — सत्यवान — कृष्णेत पोहणारा.

सकाळी भिकाजी उशाशी बसला. चार शब्द बरे बोललो तर उद्या खाली नेईन म्हणाला. खाली. पाय —

मला उचलून ओटीवर बसवलं. मुलानं सरळच विचारलं, पाय कशानं गेले.

मी म्हणालो, तापानं.

मग परत पडवीत आणून ठेवलं. शिवानं सगळं ऐकलं. भिंतीकडे तोंड फिरवून पडलाय —

अजून सुपारी फुटलेली नाही. हाक मारली तर ऐकू जाईल. मारणार होतो. तेवढ्यात सत्यवानच आत आला, वाकून पाया पडला. त्याचे हात माझ्या पावलांवर होते. मला जाणवले नाहीत. तोंड उघडलं — दारात भिकाजी —

सुखी राहा म्हणालो.

सांगेन. उद्या वर आलो की सगळं सांगेन त्याला. आधी एकदाच — फक्त एकदा खाली —