पास होईपर्यंत

३, सोमवार

नवी नोकरी, नवं घर आणि बायकोने दिलेली ही नवी वही. घर दुसऱ्या मजल्यावर, खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मी स्वतः दुरुस्त केला आणि मोठ्या ऐटीत हिला दाखवला. असा उपयोगी नवरा मिळणार हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाली. संध्याकाळी भावाचा फोन. माझ्याहून सहा मिनिटांनी धाकटा, पण उपदेश कायम थोरल्यासारखा. नव्या जागी फार शहाणपणा दाखवू नकोस, असा आजचा उपदेश होता.

४, मंगळवार

माझं काम सांगितलं की लोक हसतात. ऑफिसात शिलाई मशीनएवढी एक लोखंडी पेटी आहे. ती सतत आकडे बाहेर टाकते. पुढचा आकडा कुणालाही ओळखता येऊ नये, ही तिची लायकी, आणि ती मी तपासायची. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून एंटर दाबायचं. प्रोग्राम चाळीस मिनिटं आकडे चाळतो. त्यांत कुठे ठरावीकपणा दिसला की लाल अक्षरांत ‘नापास’. भरवसा नसल्याची खात्री देणारा माणूस, असं हिने माझं पद ठरवून टाकलं.

नापासावरचा इथला इलाज मजेशीर आहे. जुने मिस्त्री जिना चढून येतात, पेटीवर लाकडी हातोड्याचा एक दणका घालतात, मग पुन्हा चाचणी. पास होईपर्यंत. दणक्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. चाचणी सुरू करायला लागणारा आकडा, म्हणजे सीड, ही घरच्या कुणाची तरी जन्मतारीख असावी अशीही रीत आहे. मी हिची दिली. दुसरी नाही का सुचली, असं मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरी आता कुणीच उरलेलं नाही.

७, शुक्रवार

हिचा खांदा काळानिळा झालाय. शेगडीपाशी उभी असताना मागून कुणीतरी जोरात मारल्यासारखं झालं म्हणे. मागे कुणी नव्हतं. कपाटाचं दार लागलं असेल, मी म्हणालो. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नाही.

११, मंगळवार

मांडीवर वळ, कोपर सुजलेलं. संध्याकाळी मेहुणी आली होती. पुन्हा अंगावर काही दिसलं तर सरळ पोलिसांत जाईन, असं मला तोंडावर सुनावून गेली. मी साधा डास मारताना दहादा विचार करणारा माणूस! राग आला, लाजही वाटली.

ऑफिसात मात्र माझं कौतुक. मिस्त्रींचे हेलपाटे वाचावेत म्हणून मी हातोडा मोटरवर बसवला आणि चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: नापास, दणका, पुन्हा चाचणी, पास होईपर्यंत. साहेब बेहद्द खूश. उद्यापासून चार दिवस सुट्टी, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या लॉगिनमधून उद्या सकाळी साडेआठला सुरू होईल अशी लावली, कुलूप घातलं आणि गावाला गेले. मिस्त्री त्या हातोड्याकडे बघत राहिले. थांबवायची सोय ठेवलीस ना, एवढंच त्यांनी विचारलं. पास झाली की थांबेलच की, मी म्हणालो.

१२, बुधवार, सकाळ

९.१०ला ही चहा गाळता गाळता कोसळली. मी समोर होतो. बरगडी मोडल्याचा आवाज ऐकला. ९.५०ला तोंडावर. दोन दात ओट्यावर पडले. १०.३०ला पुन्हा.

डॉक्टरला तिथेच बोलावते म्हणत मेहुणी तिला उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेली. जाताना माझ्यावर थुंकली.

चाळीस मिनिटं. दर चाळीस मिनिटांनी.

घरच्या लॅपटॉपवर मला ऑफिसचा पडदा दिसतो. नापास ९.१०. नापास ९.५०. नापास १०.३०. रजिस्टरचे फोटो काढले होते, तेही पाहिले. खांदा, मांडी, कोपर, सगळं मिस्त्रींच्या दणक्यांच्या वेळेला. मीच. मी तारीख दिली, मी हातोडा बसवला.

१२, दुपार

११.१०ला मेहुणीचा फोन. रडत होती. दार आतून बंद, खोलीत दोघीच, आणि तिच्या डोळ्यांदेखत बहिणीचा गुडघा फुटला. माझी माफी मागत होती. मला माफी नको.

ऑफिसच्या लोखंडी दारावर लाथा घातल्या. आतून मोटरची घरघर ऐकू येते. साहेबांचा फोन बंद. मिस्त्रींनी उचलला, म्हणाले की माझ्या घरीही ते कधीच थांबलं नाही, आणि ठेवून दिला.

स्क्रिप्ट साहेबांच्या लॉगिनची, मला बंद करता येत नाही. फक्त सीड बदलता येतं. पेटी दणक्यांनी बिघडली आहे. एकच आकडा ओकते. सात सात सात सात. ही पेटी जन्मात पास होणार नाही—

१२.३०. भलतीच तारीख टाकली. तरी तिलाच लागलं.
१.१०. वडिलांची टाकली. ते जाऊन नऊ वर्षं झाली. तरी तिलाच. आता रक्त थुंकतेय.

घरचंच माणूस लागतं. जिवंत.

माझी टाकली.

१.५०

उजवा हात गेला. बोटं उलटी वळलीत. डाव्याने लिहितोय. मेहुणीचा फोन— हिला काही झालं नाही. पाणी प्यायली. माझं नाव घेतलं. देवा, किती बरं वाटलं. दुखतंय आणि मी हसतोय.

२.३०

जबडा. चालेल. मी पुरेन चार दिवस. पुरायलाच हवं

फोन वाजतोय. भावजय. ती या वेळी कधी— मगाशीही तिचेच तीन येऊन गेले. १.५१. १.५२. १.५५

सहा मिनिटं. तारीख तीच. आम्हा दोघा भावांची तारीख—

नाही. त्याची पोरं लहान आहेत. मग कुणाची टाकू. हिची परत? आईची? सांगा कुणीतरी, कुणाची—

३.०९ झाले. सीडच्या फाइलवर बोट आहे. मी