खाकी शर्टाचा डावा खांदा

दिवा, ५ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी दार वाजवतात, म्हणून पत्र.

काल ठाण्यात हस्तकला मेळाव्याला गेलेले. एक बाई जुन्या कपड्यांची जाकिटं करून विकत होती. एकाला वडिलांच्या शर्टाचे खिसे, दुसऱ्याला गोधडीची पाठ. झिजलेलं, विटलेलं तिने लपवलं नव्हतं, उलट समोर आणलं होतं. मी तासभर तिथेच.

फेब्रुवारीत डोंबिवलीला असाच मेळावा आहे. निवडीसाठी याच महिन्याच्या वीस तारखेपर्यंत एक जाकीट दाखवायचं. निवड झाली नाही, तर शिवणकाम सोडून बाबांच्या ओळखीच्या ऑफिसात चिकटायचं, असं मी कबूल केलंय. तुमचे एसटीतले कंडक्टरचे खाकी शर्ट ट्रंकेत आहेत ना? द्याल?

माया आहे तेवढी राहू द्या.
तुमची उर्वी

खोपट, ८ जानेवारी

चि. उर्वीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. ठाण्यात तासभर उभी राहिलीस आणि खोपटला आली नाहीस, हेही पावलं.

शर्ट तीन आहेत. त्यांतले दोन तुझ्या बाबाच्या हाती देतो. विटलेलं कापड नातीला कसं द्यायचं? म्हणून रंगवून, कॉलर बदलून, कडक इस्त्री करून घेतलेत. कालच डेपोतून मिळाल्यासारखे दिसतात. तिसरा मागू नकोस.

आईला सांग, पापड संपले.

आशीर्वाद आहेतच.
आजोबा

दिवा, १२ जानेवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

काय केलंत हो! मला ते विटलेलेच हवे होते. नवी खाकी दुकानातही मिळते. रंग धुऊन काढ, असं बाबा म्हणाले. दिव्यात पाणी एक दिवसाआड, त्यामुळे आईने आधी भांडी घासून घ्यायला सांगितली.

आठ दिवस उरलेत. तिसरा मागत नाही. त्याच्यात काय आहे, एवढंच विचारते.

रागावलेली नाही. थोडी आहे. लोभात मात्र कपात करू नका.
उर्वी

खोपट, १४ जानेवारी

चि. उर्वीस,
अ. उ. आ. सोबत तिळगूळ.

त्याच्या डाव्या खांद्यावर तिरका फिका पट्टा आहे. पैशांच्या चामडी बॅगेने कापड घासून घासून झालेला. तिथे विरलं की तुझी आजी रफू करायची. शेवटचं रफू निळ्या दोऱ्याचं आहे, खाकी रीळ संपलं होतं. ड्युटीवर लोक हसतील म्हणून मी तिला बोललो होतो. त्याच पावसाळ्यात ती गेली.

त्या दोन शर्टांबरोबर तिसराही रंगवायला काढला होता. हात पुढे गेला नाही.

शेजारचा सहदेव उद्या शीळफाट्याला जातोय. त्याच्याकडे देतो, वाटेत दिव्याला तुला पोचवेल. निळा दोरा कापू नकोस. बाकी तू आणि तुझी कात्री.

आजोबा

दिवा, १७ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

निवड झाली, मेळावाही झाला! तुमची चूकच कामाला आली. बाह्या आणि पाठ रंगवलेल्या शर्टांची, खांदे तिसऱ्याचे. नव्या खाकीत जुनी अशी काही उठून दिसते, की सहा जणांनी जाकीट विकत मागितलं. दिलं नाही. त्यांतले चौघे आता आपापल्या घरातल्या ट्रंका उघडून कपडे आणून देणार आहेत. बाबांनी ऑफिसचा विषय काढलेला नाही.

जाकीट पाठवतेय. माप तुमच्या शर्टांवरूनच घेतलं होतं. सोबत पापड.

तुमची माया वाढली तरी चालेल.
उर्वी

खोपट, २२ फेब्रुवारी

चि. उर्वीस,
अ. उ. आ.

जाकीट बसलं. बाह्या बोटभर लांब आहेत.

काल ते घालून डेपोत गेलो आणि कल्याणच्या गाडीत बसलो. काम काही नव्हतं. कंडक्टर एक मुलगी होती. मशीनमधून तिकीट काढताना तिची नजर माझ्या खांद्यावर गेली, मग स्वतःच्या बॅगेच्या पट्ट्यावर. मी कोणत्या डेपोला होतो, असं तिने विचारलं. दोनदा विचारलं, मला दुसऱ्यांदा ऐकू आलं.

निळा दोरा तिने पाहिला. गाडीतल्या सगळ्यांनीच पाहिला असेल. कल्याणपर्यंत कुणी हसलं नाही. तुझ्या आजीला मी उगाच बोललो.

बाह्या आखूड करायला आता खोपटलाच ये.

वाट पाहणारा,
आजोबा