चारही खिट्ट्यांचा आवाज

मेजिदिया, ३ मार्च २००८

चि. तिंका हिस पनाइतमामाचे अनेक आशीर्वाद.

क्रेनवरची ती खुर्ची तुला खरोखर केवढ्याला पडली, याचा आज दुकानात बसून हिशेब केला. दोन हिवाळे, तीन परीक्षा, एक मोडलेली सोयरीक (बरी मोडली!), आणि तुझ्या आईचा माझ्याशी अबोला, तो अजून चालूच. म्हणते, पोरीला तूच भरीस घातलंस. घातलं!

आता गुरुवारची शेवटची परीक्षा. कोन्स्तान्त्सा बंदराच्या धक्क्यावर एका पाळीत चाळीस कंटेनर उतरवायचे. एक जरी आपटला तरी खुर्ची गेली, वर्षभर पुन्हा खाली दोर ओढायचे. पण घाबरू नकोस. पेटी वीतभर उचल, थांब, ऐक, मगच वर घे. पकड बसल्याचे हिरवे दिवे फसवतात, लोखंड फसवत नाही. पोती वाहणारा मी आज आकड्या-दोरांचा दुकानदार झालो तो या दोन कानांवर. क्रेनवर कोणाचा हात आहे, ते डोळे मिटून सांगतो. तो फाने! तीस वर्षं झाली, अजून बटाट्याचं पोतं टाकावं तशी पेटी टाकतो.

सोबत मार्चचा शुभशकुनाचा लाल-पांढरा दोरा आहे, केबिनच्या खिडकीत बांध. मी तुझ्या दोन नंबरच्या धक्क्याच्या कुंपणाशी उभा असेन. आईला सांगू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा मामा

मेजिदिया, ६ मार्च

चि. तिंका,

जिंकलीस! निकाल कशाला हवाय, मी कानांनी ऐकला. वारा असा की माझी टोपी थेट रेल्वेच्या रुळांवर, आणि तुझ्या पेट्या मात्र निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशा टेकत होत्या. चाळीसच्या चाळीस! पहारेकऱ्याला म्हटलं, हा हात मी घडवलाय. तो नुसता हसला. खिडकीत दोरा दिसला, मी हात हलवला, वरूनही हात हलला. डोळे भरून आले गं. चीज भरलेली प्लाचिंता पहारेकऱ्याकडे देऊन बजावलं, क्रेनवर आहे त्यालाच दे. आणि फानेला सांग, पेटी कशी ठेवतात ते जरा येऊन ऐक म्हणावं!

अभिमानाने फुगलेला,
मामा

कोन्स्तान्त्सा, ८ मार्च

ती. मामास तिंकाचा सा. न. वि. वि.

मामा, खुर्ची मिळाली! तेविसाव्या पेटीला चारही दिवे हिरवे होते. तरी वीतभर उचलली, थांबले, ऐकलं. खालून कर्र असा आवाज. जहाजावरच्यांनी एका कोपऱ्याची, दोन पेट्या जखडणारी खिट्टी सोडलीच नव्हती, खालची पेटीही वर येऊ पाहत होती. अलगद परत टेकवली. परीक्षकांनी विचारलं, कसं कळलं? म्हटलं, मामाने सांगितलंय. आईने हे ऐकलं, कणीक मळता मळता म्हणाली, रविवारी जेवायला बोलव त्याला, टोपी घालून ये म्हणावं, थंडी आहे.

तुमचा हात असाच डोक्यावर असू द्या.
तुमची तिंका

ता. क. वाऱ्यामुळे आमचं जहाज पहाटेच आडोशाला, चार नंबरला नेलं होतं. मार्चचा दोरा इथे घरोघरी असतो, फानेकाकांना नातीने दिला होता. प्लाचिंता छान होती म्हणाले. दोन नंबरच्या क्रेनवर त्या दिवशी तेच होते.